चारशे सतरा नंबरचं बटण

पेन विकायचं की ठेवायचं, हा वाद जयसिंग ओव्हाळच्या घरात तीन दिवस धुमसत होता. चौथ्या दिवशी सकाळी गिरजाबाईने पिठाचा डबा उपडा करून दाखवला आणि वाद संपला.

"कंपनीला टाळं लागून चाळीस दिस झालं," ती म्हणाली. "त्या पेनानं तुमी लिवत न्हाई, पोरं लिवत न्हाईत. सोळा वर्सं डब्यात निजवून ठिवलंय. अंडी घालनार हाय का ते?"

"तसलं पेन न्हाई ते."

"मग कसलं हाय?"

जयसिंगला कधीच काही नीट सांगता येत नसे. चिंचवडच्या कंपनीत तो टूलरूममध्ये टर्नर होता. लेथपुढे उभा राहिला की केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरकही त्याच्या बोटांना कळायचा. पण पाच माणसांत उभा केला, तर साधं 'व्हय' म्हणायलासुद्धा त्याला घसा खाकरावा लागे.

पेन इटलीचं होतं. पासष्ट साली कंपनीने तिकडून मशिनं मागवली, तेव्हा ती बसवून द्यायला झानेट्टी नावाचे साहेब आले होते. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं जनार्दनसाहेब करून टाकलं. साहेबांच्या खिशाला एक जाडजूड पेन असायचं. रंग मधाच्या पोळ्यासारखा. उजेडाला धरलं तर आत कुणी दिवा लावल्यासारखं दिसायचं. टोपण काढलं की कापराचा बारीक वास यायचा. मागचं बटण पिळलं की ते शाई ओढून घ्यायचं. एके दिवशी ते साहेबांच्या हातून फरशीवर पडलं आणि नेमकं बटणच फुटलं. साहेब तुकडे तळहातावर घेऊन लहान पोरासारखे उभे राहिले.

जयसिंगने खुणेनेच पेन मागून घेतलं. जेवणाच्या आठ सुट्ट्या त्याने त्या बटणापायी घालवल्या. भाकरी एका हातात आणि मायक्रोमीटर दुसऱ्या हातात. आतले आटे उलटे होते, आणि त्यांचं माप कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं. ते आटे कापायचं हत्यार त्याला आधी घडवावं लागलं. मग पोलादाच्या एका उरलेल्या तुकड्यातून त्याने बटण कातलं, कडेला नखाला जाणवतील न जाणवतील अशा रेघा पाडल्या, आणि शेवटी आतल्या बाजूला एक मिलिमीटरच्या बारक्या पंचांनी, म्हणजे आकड्यांच्या पोलादी ठशांनी, आपला बिल्ला नंबर ठोकला. 417.

हा टूलरूमचा रिवाज होता. जो गेज, म्हणजे मापं तपासायचं साधन, करील, त्याने त्यावर आपला नंबर ठोकायचा. काम चुकलं तर कोण चुकलं ते कळावं म्हणून. काम बरोबर आलं तर कोण बरोबर होता, हे कुणी विचारत नसे. जयसिंगच्या पंचांतल्या चारच्या आकड्याचा पाय जरा तुटका होता. त्यामुळे त्याचं काम लांबूनही ओळखू यायचं, म्हणजे ज्याला ओळखायचं असेल त्याला.

साहेब इटलीला परत निघाले, त्या दिवशी त्यांनी पेन जयसिंगच्या हातात ठेवलं. आधी बटणाकडे बोट केलं, मग जयसिंगकडे, आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलले. काय बोलले ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. पण साहेब शहाणे. कामगाराच्या खिशातून असलं पेन गेटवर निघालं, तर वॉचमन काय म्हणेल हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी रीतसर गेटपास टाइप करून घेतला: जुनं पेन, नग एक, बक्षीस दिलेलं, मागचं पोलादी बटण टोकन नंबर 417 या कामगाराने टूलरूममध्ये बनवलेलं. खाली लांबलचक सही.

जयसिंगला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण टाइपिस्टकडून त्याने तो मजकूर तीनदा वाचून घेतला होता. कंपनीत त्याने शेकडो वस्तू केल्या. त्यांच्या नकाशांवर इंजिनिअरच्या सह्या असत, पेट्यांवर कंपनीचं नाव असे. जगाच्या पाठीवर हा एकच कागद असा होता, की ज्यावर अमुक वस्तू या माणसाने केली, असं लिहिलेलं होतं.

हे गिरजाबाईला कसं सांगायचं? त्याने डबा उघडला, पेन घेतलं, आणि तो पिंपरीला चांदभाईकडे गेला.

चांदभाई पिंपरी स्टेशनाबाहेर काचेची पेटी मांडून बसायचा. निबा, जिभल्या, शाईच्या बाटल्या, आणि लोकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेली पेनं. रिफिलच्या पेनांनी त्याच्या धंद्याची माती केली होती, तरी माणूस हसतमुख. काही वर्षांपूर्वी त्यानेच या पेनाचं आतलं बूच बदलून दिलं होतं. तेव्हा बटण काढून त्याने डोळ्यापाशी नेलं आणि म्हणाला होता, "या अल्ला! हे कुणी केलं, जयसिंगराव?"

"मी."

"मग पेनाचं काय कौतुक सांगतोस? पेन हरवलं तरी चालंल. बटण सांभाळ!"

ते वाक्य जयसिंगने पेनासारखंच डब्यात जपून ठेवलं होतं.

या वेळी मात्र चांदभाईने पेन हातात घेतलं आणि आवाज खाली आणला. "वेळेवर आलास, राव. पुण्यात येडे लोक पैदा झालेत. जुनी पेनं जमवतात. लिहीत न्हाईत, नुसती जमवतात. आणि त्यात इटलीचं म्हटलं, की लाळ गळते त्यांची. चल, पारसनीसांकडं नेतो."

पारसनीसांचं दुकान पुण्यात एका बोळात होतं. माणूस गोरागोमटा, बोलणं मऊ. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पेन बराच वेळ फिरवून पाहिलं.

"पेन चांगलं आहे हो. पण बटण डुप्लिकेट आहे."

जयसिंगने घसा खाकरला. "डुप्लिकेट न्हाई. मी केलंय."

"तेच म्हणतोय मी," पारसनीस म्हणाले. "मूळ बटण असतं, तर गोष्ट वेगळी होती. आता काय, दीडशे देतो. चांदभाईला दहा मी वरून देईन."

जयसिंगने नोटा घेतल्या. आणि मग त्याने ते केलं, जे कंपनीत जन्म गेलेला माणूसच करील. त्याने खिशातून गेटपास काढला आणि पेनाशेजारी ठेवला. वस्तू जाईल तिथे तिचा पास जातो. पासाशिवाय वस्तू म्हणजे चोरीची वस्तू. सोळा वर्षं हे इतकं अंगात भिनलेलं, की कागद आपल्याकडे ठेवून घ्यावा, असं त्याच्या मनातही आलं नाही.

पारसनीसांनी तो कागद दोनदा वाचला, जपून घडी घातली आणि डायरीत ठेवला. "बरं झालं दिलात," ते म्हणाले.

पंधरा दिवसांत टाळेबंदी उठली. जयसिंग कामाला लागला. पेनाचा डबा रिकामाच होता; गिरजाबाईने त्यात मोहरी भरली.

तीन महिने गेले. एका रविवारी सकाळीच चांदभाई कासारवाडीला जयसिंगच्या दारात येऊन उभा राहिला.

"कपडे घाल, जयसिंगराव. पुण्यात पेनांचं प्रदर्शन लागलंय. मला रोजावर बसवलंय तिथं, कुणाचं पेन अडलं तर दुरुस्त करायला. आणि काय बघितलं म्हणतोस? तुझं पेन! काचेत ठेवलंय, मखमलीवर! नवरी बघायला यावं तसे लोक येऊन बघून जातायत."

"बगून या, जावा," गिरजाबाई आतून म्हणाली. "आन् इचारा, अंडी घातली का त्यानं."

शिवाजीनगरपर्यंत लोकलमध्ये जयसिंग दारापाशी उभा होता. धुतलेला सदरा घातला होता. बिल्ला मात्र काल खिशाला लावला होता तसाच आज सवयीने लावला गेला. चांदभाईने सांगूनही त्याने तो काढला नाही.

प्रदर्शन एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होतं. शाळा सुटल्यासारखा गलका, फक्त मुलांऐवजी मोठी माणसं.

"हे लिहितं का?"

"लिहितं म्हणजे काय? त्यात शाई घालायची नसते! शाई घातली की किंमत निम्मी."

"बघा बुवा. आमच्या हिला सांगितलं, अडीच हजाराला पेन घेतलं, तर ती म्हणाली, आधी गॅसची शेगडी घ्या."

जयसिंगने आपलं पेन लांबूनच ओळखलं. ते मागची बाजू पुढे करून ठेवलं होतं. बटण काढून शेजारी उलटं मांडलं होतं, आतला नंबर दिसावा म्हणून, आणि त्याच्यावर भिंग बसवलं होतं. शेजारी मराठी आणि इंग्रजीत पाटी होती. मराठी पाटी जयसिंगने सावकाश वाचली. इटली, युद्धकाळ. पेनं ज्याची करत त्या सेल्युलॉइडची टंचाई, म्हणून पोलादी बटण. मोजकेच नग. या नगावर कारखान्याचा मूळ क्रमांक 417. चारच्या आकड्याची तुटक ठेवण हे तिथल्या जुन्या कारागिरांचं वैशिष्ट्य. एकमेव उपलब्ध. खाली किंमत: नऊ हजार रुपये. तिच्यावर लाल कागदाची टिकली चिकटवली होती.

"टिकली म्हंजे गेलं," चांदभाई कानाशी म्हणाला. "सकाळीच घेतलं कुणीतरी."

जयसिंगचा महिन्याचा पगार ओव्हरटाइम धरून आठशे. पण खरं सांगायचं तर किंमत त्याला नीट दिसलीच नाही. त्याला दिसलं ते बटण. त्याचं बटण, मखमलीवर, भिंगाखाली. लोक वाकून बघत होते आणि माना डोलावत होते. "काय काम आहे! आपल्याकडे होणं नाही बघा असं. हात लागतो त्याला." सोळा वर्षांनी का होईना, कुणीतरी ओळखलं होतं. फक्त नाव चुकलं होतं. नाव सांगितलं की झालं.

आणि काचेच्या त्याच पेटीत, पेनाच्या मागे, गेटपास होता. तीन घड्यांपैकी वरची आणि खालची घडी दिसत होती. वर कंपनीचा छाप, खाली साहेबांची सही. मधला मजकूर आत दुमडला होता.

पारसनीस एका जाडसर गृहस्थाला घेऊन तिथे आले. ते छाजेड शेठ. भोसरीत त्यांचा नटबोल्टांचा कारखाना होता. लाल टिकली त्यांचीच.

जयसिंगने घसा खाकरला. एकदा, मग दुसऱ्यांदा.

"हे बटण मी केलंय," तो म्हणाला.

आजूबाजूची दोन-तीन माणसं वळली. पारसनीसांनी त्याला ओळखलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभरच हलला.

"कोण हे?" शेठनी विचारलं.

"अहो, हेच ते! ज्यांना इटालियन साहेबांनी पेन दिलं, ते कामगार. या, या."

"नंबर माझा हाय," जयसिंग म्हणाला. त्याने खिशावरचा बिल्ला काढून काचेवर ठेवला. पितळेचा, घासून गुळगुळीत झालेला. 417. "बटणावरला त्यो चार बगा. माझ्या पंचाचा पाय मोडलाय. इटलीचा काय संबंध न्हाई."

लोक वाकले. बिल्ल्याकडे बघितलं, बटणाकडे बघितलं. कुणीतरी हसलं. पारसनीस मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात जोडून छातीपाशी नेले.

"बघितलंत, शेठ? अंगावर काटा येतो की नाही? पेनाचा क्रमांक 417, आणि यांच्या बिल्ल्याचाही 417! म्हणून तर साहेबांनी हजार कामगारांतून यांनाच निवडलं. ही गोष्ट मला ठाऊक असती, तर नऊ हजारांना दिलं नसतं मी."

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं.

जयसिंगने मागे वळून चांदभाईकडे पाहिलं. तो आपल्या टेबलापाशी जाऊन बसला होता. "चांदभाई, तू सांग. तू उघडून बगितलं व्हतंस. काय म्हनला व्हतास तू?"

चांदभाईच्या हातात कुणाचं तरी पेन होतं. त्याने पारसनीसांकडे पाहिलं, मग निबेकडे. "मी... निबांचा माणूस हाय, जयसिंगराव," तो म्हणाला. "बटणांतलं मला काय कळतंय?"

आता एकच गोष्ट उरली होती. जयसिंगने काचेवर बोट टेकवलं. "त्या कागदाची घडी उगडा. मधी लिवलंय."

"जुना कागद आहे हो," पारसनीस म्हणाले. "उघडला तर फाटेल."

"उघडा की," छाजेड शेठ म्हणाले. "माझ्या कारखान्यातून रोज पन्नास गेटपास निघतात. मला कळतो गेटपास."

जयसिंगने मान वर केली. हा कारखान्याचा माणूस. हा वाचील.

शेठनी कागद काचेतून काढायला लावला, चष्मा वर केला आणि घडी उघडली. त्यांचे ओठ हलले. एकदा वाचलं, मग पुन्हा एकदा, बोट ओळीखाली धरून. मग त्यांनी बटणाकडे पाहिलं. बटणावरून नजर जयसिंगच्या हातांवर गेली, नखांतल्या तेलावर, अंगठ्याच्या घट्ट्यावर, आणि तिथे थोडा वेळ थांबली. त्यांना सगळं कळलं होतं. जयसिंगने ते बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याचा नंबर वाचून त्याच्याकडे पाहिलं होतं.

मग शेठनी कागद जुन्याच घडीवर दुमडला आणि घडीवरून नख फिरवलं.

"बरोबर आहे पारसनीसांचं," ते म्हणाले. "योगायोग आहे."

लोक पांगले. शेठ जयसिंगजवळ सरकले आणि हळू आवाजात, जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "हा बिल्ला देता का? दोनशे देतो. पेनाशेजारी ठेवीन. गोष्ट सांगायला बरं."

जयसिंगने आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं केलं. "शेठ, पैसं नगंत. बिल्ला फुकट घ्या. पेनाचं काय बी करा. फकस्त पाटीवर त्येवढं लिवा, की बटण जयसिंग ओव्हाळनं केलं. कागदात हाय तेच. माझं नाव तुमच्या पेनाला काय जड व्हनार हाय?"

शेठनी चष्मा खाली केला. "अहो, तसं लिहिलं," ते म्हणाले, "तर मग मी नऊ हजार कशाचे दिले?"

निदान हे तरी शेठ खरं बोलले होते. जयसिंगने बिल्ला उचलून खिशाला लावला. टाचणी बोटात घुसली तरी त्याला कळलं नाही.

जिन्यात मागून पावलं वाजली. चांदभाई धापा टाकत येत होता. "जयसिंगराव! अरे, ऐक. आज पाच वर्सांनी कुणी मला रोजावर बसवलंय. पेनवाले म्हणून चार माणसं राहिलीत, तीबी वर त्याच खोलीत. त्यांच्या तोंडावर मी कसं..."

"मी काय म्हनलो का तुला?" जयसिंग म्हणाला.

"काय न्हाई म्हणालास."

"मग झालं तर. जा वर. कुनाची तरी निब अडली आसंल."

घरी गिरजाबाईने विचारलं, "काय झालं त्या पेनाचं?"

"नऊ हजाराला गेलं."

ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "आन् तुमी दीडशाला दिलं! कसं हो येवडं भोळं?" त्याने तिची समजूत दुरुस्त केली नाही. तिला हे दुःख कळत होतं, आणि ते सांगण्याजोगं होतं. शेजारपाजाऱ्यांना ती ते महिनाभर सांगत राहिली.

सोमवारी पहिली शिफ्ट. जयसिंगने एक गेज संपवला, मायक्रोमीटर लावून बघितला, तेल पुसलं आणि चार्जहँड, म्हणजे मुकादम, सोनबाच्या टेबलावर ठेवला. सोनबा त्याच्याबरोबरच कामाला लागलेला, चढ्या आवाजाचा माणूस. त्याने गेज फिरवून पाहिला.

"माप झकास. नंबर कुठाय?"

जयसिंग हातांवरचं तेल फडक्याला पुसत राहिला.

"ओव्हाळ, झोप न्हाई झाली का? नंबर न्हाई टाकला तू. बिननंबरचा गेज स्टोअरवाला घेत न्हाई, म्हाईत न्हाई तुला?"

"कुनाचा टाकू?" जयसिंगने विचारलं.

"कुनाचा म्हंजे? माझ्या सासऱ्याचा टाक!" सोनबा खदखदून हसला, आणि आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. "तू केलास तर तुजाच की. टाक लवकर, राव, स्टोअर बंद व्हईल."

जयसिंग आपल्या जागेवर परत आला. पंचांची लाकडी पेटी उघडली. तुटक्या पायाचा चार उचलला, गेजवर सरळ टेकवला आणि हातोडी मारली. आकडा छान उठला. थेट इटलीहून आल्यासारखा.